पावसाळ्यात घोड्याला गुरांच्या दावणीतली वैरण घालू नये

गोव्यात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच पडत असल्याने घाटावरून आणलेला कडबा असो वा गावचा भाताचा पेंढा, जमिनीला किंवा भिंतीला टेकून ठेवला की त्याला लवकरच बुरशी धरते. घोड्याला उलटी होत नाही आणि त्याचे जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचे असते, त्यामुळे एकदा पोटात गेलेली खराब वैरण बाहेर टाकण्याचा मार्गच त्याला नसतो. म्हणून वैरण लाकडी फळ्यांवर, वारा खेळता राहील अशी रचावी. कुबट वास येणारी किंवा झटकल्यावर पांढरी धूळ उडणारी पेंढी वरवर साफ करून न घालता सरळ टाकून द्यावी. बुरशी लागलेल्या मक्याच्या बाबतीत तर अजिबात धोका पत्करू नये, कारण त्यातील विषाने घोड्याचा मेंदू सडतो.

याहून कमी ओळखीचा धोका हिरव्या चाऱ्यात आहे. दुभत्या जनावरांसाठी बांधावर लावलेले संकरित नेपिअर गवत गाईला मानवते, कारण त्यातील ऑक्झलेट हा क्षार तिच्या पोटातील जिवाणू बरेचसे मोडून टाकतात; घोड्याच्या पोटात मात्र तेच ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. त्यावर रोज गव्हाचा किंवा भाताचा कोंडा घातला, तर कोंड्यातील जास्तीच्या फॉस्फरसमुळे उणीव आणखी वाढते आणि काही महिन्यांत घोडा आखडून चालू लागतो, पाय बदलून लंगडतो, त्याच्या चेहऱ्याची हाडे सुजतात. नेपिअरखेरीज काहीच मिळत नसेल, तर सोबत लसूणघास द्यावा, कोंडा बंद करावा आणि कॅल्शियमची मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी.

३५० किलो वजनाच्या घोड्याला रोज किमान पाच-सव्वापाच किलो सुकी वैरण लागते, आणि ती तीन-चार वेळा विभागून द्यावी. ओट किंवा भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी कामाच्या मानानेच असावी. पाऊस लागला आणि घोडा तबेल्यातच उभा राहिला, की चंदी त्याच दिवशी कमी करावी. काम नसताना भरलेला तोबरा देणे ही माया नव्हे. कोणताही नवा चारा ७ ते १० दिवसांत हळूहळू वाढवत न्यावा. गुरांची पेंड, युरिया लावलेला पेंढा आणि कोंबडीखाद्य घोड्याच्या तोंडाला लागू देऊ नये. कोंबडीखाद्यात आणि काही पशुखाद्यांत बऱ्याचदा असणाऱ्या मोनेन्सिन या औषधाने घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी होतात आणि त्यावर उतारा नाही. स्वच्छ पाणी व मिठाचा दगड सदैव समोर असावा.

घोडा वारंवार कुशीकडे पाहू लागला, पुढच्या पायाने जमीन उकरू लागला, लोळू लागला किंवा त्याची लीद थांबली, तर पोटशूळ समजून दाणावैरण ताबडतोब काढून घ्यावी आणि घरगुती काढा न पाजता लगेच पशुवैद्यकाला बोलवावे.