मायक्रोपिपेट, मे महिना आणि आबांचं फॅट

आमच्या गावच्या डेअरीत फॅट काढायची काचेची पिपेट, म्हणजे ठरावीक माप घ्यायची नळी होती, १०.७५ मिलिलिटरची. ब्युटिरोमीटरमध्ये, म्हणजे फॅट मोजायच्या काचनळीत, १० मिलिलिटर ॲसिड, वर या पिपेटने दूध, मग १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल, आणि मशीनमध्ये गरगर. पिपेटच्या टोकाचा टवका कधीचा उडालेला. आबांची रोजची कुरकुर, की आपल्या म्हशीचं फॅट मुद्दाम कमी लावतात. मी तेव्हा सातवीत होते आणि आबा उगाच भांडतात असं वाटायचं. पुढे पिपेट तपासणं हेच माझं काम होईल हे कुणाच्या गावी नव्हतं.

एमएस्सी झाल्यावर वाळूजच्या एका औषध कंपनीत क्यूसी (गुणवत्ता तपासणी) ट्रेनी म्हणून लागले. मुलाखतीत सरांनी टेबलावरची मायक्रोपिपेट, म्हणजे अगदी थोडं पाणी बटणाने मोजून घ्यायची पिपेट, उचलून माझ्या हातात दिली. "हिने शंभर मायक्रोलिटर पाणी घेऊन दाखव." (मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग.) बीएस्सीला आम्ही ब्युरेट आणि साधी पिपेट वापरलेली; मायक्रोपिपेट एमएस्सीला लांबून पाहिलेली, कारण अख्ख्या विभागात दोनच आणि त्या कपाटात. मी बटण पहिल्या स्टॉपला न थांबता थेट दुसऱ्या, शेवटच्या स्टॉपपर्यंत दाबलं आणि टिप (पुढे बसवायची प्लास्टिकची नळी) पाण्यात बुडवली. सर काही बोलले नाहीत, नुसते हसले. तरी घेतलं, हे त्यांचे उपकार.

तेव्हा नव्याने येणाऱ्यांनो, आधी हे शिका. पहिल्या स्टॉपपर्यंत दाबायचं, टिप पाण्यात बुडवायची, हळू सोडायचं, सेकंदभर थांबायचं. बाहेर टाकताना टिप भांड्याच्या आतल्या भिंतीला तिरकी टेकवायची, पहिला स्टॉप, क्षणभर दम, मग दुसरा. पाणी घेताना पिपेट सरळ उभी हवी. लहान पिपेटची टिप दोन-एक मिलिमीटरच बुडवा, हजाराची असेल तर जरा जास्त. खोल बुडवली की बाहेरून पाणी चिकटून येतं आणि आकडा फुगतो. पिपेटवर लावायचा आकडा वाढवताना थोडा पुढे नेऊन मग खाली आणायचा, म्हणजे स्क्रूतली ढिलाई निघून जाते. हे सगळं हाताला बसायला मला तीन आठवडे लागले. लाज वाटू देऊ नका.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे पिपेट नेमकं माप देते का ते तपासणं. तत्त्व अगदी साधं आहे: पिपेटने पाणी टाकायचं, वजन करायचं, वजनावरून घनफळ काढायचं. यासाठी आयएसओ ८६५५ हे मानक आहे आणि त्याचा सहावा भाग वजन-पद्धतीचाच आहे. पिपेटच्या पूर्ण क्षमतेला, निम्म्याला आणि दहा टक्क्यांना, प्रत्येकी दहा रीडिंग. एक मिलिग्रॅम पाणी म्हणजे एक मायक्रोलिटर असं शाळेत शिकलेलं असतं, पण ते इथे चालत नाही. पाण्याची घनता तापमानाप्रमाणे बदलते आणि हवा पाण्याला किंचित उचलून धरते. दोन्ही मिळून झेड फॅक्टर येतो: २० अंशाला १.००२९, २५ ला १.००४०, २७ ला साधारण १.००४५. सरासरी वजनाला त्याने गुणायचं. तापमान भिंतीवरच्या थर्मामीटरचं नाही, भांड्यातल्या पाण्याचं घ्यायचं. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो.

निकाल दोन आकड्यांत सांगतात आणि नवी पोरं इथेच गोंधळतात. मला हे आजीच्या पेरणीवरून समजलं. चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईचा हात सगळ्या शेतात सारखाच थोडा आखडता असेल तर पेरणी एकसारखी पातळ होते. ती सिस्टेमॅटिक एरर. हात कुठे सैल कुठे घट्ट असेल तर कुठे दाट कुठे विरळ; ती रँडम एरर. पहिली बहुतेक वेळा पिपेटची असते. दुसरी तुमच्या हाताची असण्याची शक्यता जास्त, हे कबूल करायला मला वर्ष लागलं. शंभर मायक्रोलिटरच्या पिपेटला मानकाप्रमाणे पहिलीची मर्यादा ०.८ मायक्रोलिटर, दुसरीची ०.३.

माझी फजिती पहिल्या मे महिन्यातली. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस, हवा इतकी कोरडी की सकाळी धुतलेला ॲप्रन चहापर्यंत वाळायचा. बॅलन्स, म्हणजे नाजूक वजनकाटा, ठेवलेल्या खोलीचा एसी बिघडलेला, म्हणून कुणीतरी टेबल फॅन आणून ठेवलेला. शंभरच्या पिपेटची दहा रीडिंग घेतली, सरासरी ९८.७ मिलिग्रॅम. २७ अंशाचा झेड लावला तर ९९.१४ मायक्रोलिटर. म्हणजे ०.८६ कमी. नापास. मी मोठ्या हुशारीने चावी घेतली, पिपेट ॲडजस्ट केली, पुन्हा मोजलं, पास. हिरवं लेबल चिकटवून मोकळी झाले.

ऑगस्टमध्ये तीच पिपेट जास्त भरायला लागली. सरांनी माझं मेचं रजिस्टर मागवलं आणि एकच प्रश्न विचारला, "अगं, बॅलन्सवर पाणी नुसतं ठेवून बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. मग त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात समोर उभं राहून करायला लावलं. मेमध्ये वापरलेलं तेच रुंद तोंडाचं बीकर, आत थोडं पाणी, हात न लावता दर चाळीस सेकंदांनी आकडा लिहायचा. प्रत्येक वेळी साधारण ०.४ मिलिग्रॅम कमी! म्हणजे मी टाकलेलं पाणी मोजेपर्यंत हवा त्यातला घोट घेऊन जात होती. ते ०.४ मिळवले तर ९९.१ गुणिले १.००४५, म्हणजे ९९.५५. आरामात पास. पिपेट ठणठणीत होती, मी तिला बिघडवली होती.

म्हणून आपल्या भागात, विशेषतः मार्च ते जूनच्या पहिल्या सरींपर्यंत, मी असं करते. अरुंद तोंडाची झाकणाची छोटी बाटली घेते आणि तळाला आधीच थोडं पाणी ठेवते. बॅलन्सच्या काचपेटीत पाण्याने भरलेलं लहान बीकर ठेवलं की आतली हवा ओलसर राहते. बाष्पीभवन रोखणारा महागडा इव्हॅपोरेशन ट्रॅप नसेल तर एवढ्यानेही बराच फरक पडतो. पाणी, पिपेट, टिपा सगळं किमान दोन तास त्याच खोलीत. मी तर आदल्या संध्याकाळीच ठेवते आणि सकाळी सातला, फॅन बंद करून, सुरू करते. टिप बदलली की मोजण्याआधी चार-पाच वेळा पाणी आत-बाहेर करून टिपेतली हवा भिजवते. शेवटी बाष्पीभवन मोजून मिळवते.

हवेला एवढा मान का, तर मायक्रोपिपेट मुळात हवेवरच चालते. पिस्टन पाण्याला शिवत नाही, मध्ये हवेची उशी असते. ही कल्पना जर्मनीतल्या मारबुर्गच्या हाइनरिख श्निट्गर यांची, १९५७ सालची. त्याआधी लोक तोंडाने ओढायचे. (आमच्या डेअरीतही तोंडानेच, पण ते दूध.) ही उशी तापली की फुगते आणि पाणी कमी येतं. तासभर पिपेट मुठीत घट्ट धरली तर तुमच्या हाताची ऊबच रीडिंग खाली नेते. दोन रीडिंगच्या मध्ये तिला स्टँडवर टांगा. पाणी आत असताना आडवी तर कधीच ठेवू नका.

नापास आली तर चावी शेवटी. आधी टिप बदला. स्वस्तातली दुसऱ्या बनावटीची टिप नीट बसत नाही. मग पिपेट भरून वीस सेकंद उभी धरा, थेंब लोंबला तर सील किंवा ओ-रिंग (आतली रबरी कडी) गेलेली आहे. आणि काहीही दुरुस्त करण्याआधी आहे तशी रीडिंग रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. चुकलं तर खाडाखोड नाही, व्हाइटनर तर नाहीच. एक रेघ, सही, तारीख. ऑडिटला आलेली माणसं पिपेट नंतर बघतात, आधी रजिस्टर बघतात.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाणाऱ्या डीएमएलटीवाल्यांना (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेल्यांना) वाटेल, आपल्याला एवढं कशाला. शुगरला १० मायक्रोलिटर सिरम आणि १००० मायक्रोलिटर रिएजंट (तपासणीचं रसायन) घेता ना? दहाच्या जागी नऊ पडले तर २०० ची शुगर १८० च्या आसपास दिसते. मालक बाहेरून कॅलिब्रेशन करून आणायला वर्ष-वर्ष लावतो हे मला माहीत आहे. फक्त, दहा मायक्रोलिटर तपासायला ग्रॅमचे चार दशांश दाखवणारा बॅलन्स पुरत नाही, त्यामुळे ती पिपेट एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबलाच द्यावी लागते. हजाराची मात्र महिन्यातून एकदा घरच्या घरी बघता येते, अर्धा तास लागतो.

गेल्या दिवाळीत आबांना सगळं सांगितलं. टोक फुटलं की पिपेट आखूड होते, दूध झरझर सुटतं आणि आत जास्त चिकटून राहतं, म्हणजे कमीच पडत असणार. आबा एकदम ताठ बसले. "मंग किती कमी लावलं आपल्याला?"

मी म्हटलं, ते वजन केल्याशिवाय सांगता येत नाही, आणि डेअरीत आता मशीन आलंय, ती पिपेट कधीच फेकली असेल.

"मंग शिकूनबी सांगता येईना व्हय?" म्हणाले, आणि म्हशीला पाणी दाखवायला उठले.