सेक्स्टंटमधला सूर्य आणि नकाशावरचा अक्षांश

शून्य सावलीच्या दिवशी, साधारण १५ मेला, मुंबईत उभ्या काठीची सावली भर दुपारी काठीच्या बुडाशीच गडप होते. सूर्य तेव्हा खस्वस्तिकावर, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूवर असतो. सूर्यापासून पृथ्वीच्या केंद्राकडे रेघ ओढली तर ती जमिनीला मुंबईतच टेकेल. ती जिथे टेकते त्या जागेला जहाजावर ‘जीपी’ (जिऑग्राफिकल पोझिशन) म्हणतात. आकाशातल्या प्रत्येक ज्योतीचा जीपी दर क्षणी पृथ्वीवर कुठेतरी असतोच. तो कुठे आहे हे नॉटिकल अल्मनॅक, म्हणजे दर्यावर्दींचं वार्षिक कोष्टकांचं पुस्तक, सांगतं आणि आपण त्यापासून किती लांब आहोत हे सेक्स्टंट, म्हणजे आरशांच्या मदतीने ज्योती आणि क्षितिज यांमधला कोन मोजणारं यंत्र. बाकी सगळ्या संज्ञा या दोन गोष्टी मोजण्यासाठीच आहेत.

सेक्स्टंटची चौकट क्षितिजाची. क्षितिजापासूनची उंची म्हणजे उन्नतांश. उत्तरेपासून पूर्वेकडून फिरत ०° ते ३६०° मोजलेली दिशा म्हणजे दिगंश. ९०° मधून उन्नतांश वजा केला की उरतो नतांश, आणि खरा कामाचा आकडा हाच. अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात. नतांश जितक्या कला, तितके सागरी मैल जीपी आपल्यापासून दूर. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर.

अल्मनॅकची चौकट विषुववृत्ताची. क्रांती म्हणजे जीपीचा अक्षांश, सरळ हिशेब. ग्रिनिच होराकोन म्हणजे त्याचा रेखांश, पण तो फक्त पश्चिमेकडे ०° ते ३६०° मोजतात, आणि नवशिक्यांचा पहिला घोळ इथेच होतो. आपला स्थानिक होराकोन हवा असेल तर पूर्व रेखांश मिळवायचा, पश्चिम वजा करायचा. ग्रिनिच होराकोन ३००° असेल तर मुंबईच्या ७२° ५०′ पूर्वेला बेरीज ३७२° ५०′. ३६०° काढले की १२° ५०′. दर तासाला १५° या वेगाने, सूर्याला याम्योत्तर (आपल्या डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेघ) ओलांडून ५१ मिनिटं झाली.

ताऱ्यांसाठी अल्मनॅक वसंतसंपाताचा (मार्चच्या विषुवदिनी सूर्य जिथे असतो त्या बिंदूचा) होराकोन देतं. त्यात ताऱ्याचा स्वतःचा कोन (एसएचए) मिळवायचा. स्वातीचा तो सुमारे १४६° आहे, व्याधाचा सुमारे २५८°. हे मोजमाप सायन, म्हणजे वसंतसंपातापासून केलेलं, असतं. घरातल्या पंचांगातली निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांना धरून केलेली, राशी-अंशांची आकडेमोड इथे उचलली तर २४° च्या आसपास फरक पडेल.

आता प्रत्यक्ष माध्यान्ह वेध. दिवस २२ डिसेंबर, होडी मुंबईच्या किनाऱ्यालगत. भारतीय प्रमाणवेळ ८२½° रेखांशाची असल्याने मुंबईत सूर्य याम्योत्तरावर यायला सरासरी १२:३९ होतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२, फेब्रुवारीच्या मध्यावर १२:५३, आणि या दिवशी १२:३७ च्या सुमारास. दहा मिनिटं आधीच तयार राहा. प्रथम सेक्स्टंट शून्यावर लावून क्षितिज बघा. थेट दिसणारं आणि आरशातलं असे क्षितिजाचे दोन तुकडे एका रेषेत दिसले नाहीत तर ड्रम (कला मोजणारी गोल चकती) फिरवून जुळवा आणि उरलेला आकडा टिपा. ही इंडेक्स एरर. गडद काचा लावल्याशिवाय सूर्याकडे नळी वळवू नका. मग सूर्याची खालची कड क्षितिजावर उतरवा आणि सेक्स्टंट हलके डावी-उजवीकडे झुलवा. सूर्य कमानीत हलताना दिसेल. कमानीचा सर्वांत खालचा बिंदू क्षितिजाला जेमतेम शिवला पाहिजे. झुलवणं टाळलं की सेक्स्टंट तिरका राहतो आणि उन्नतांश नेहमी जास्तच येतो. सूर्य चढायचा थांबून उतरू लागला की सर्वांत मोठं वाचन घ्या.

वाचन ४७° २३.४′
इंडेक्स एरर, कमानीवर (वाचन शून्याहून जास्त) २′: वजा २.०′
डोळ्याची उंची ४ मीटर, म्हणून डिप (उंचावरून क्षितिज खाली दिसण्याची दुरुस्ती): वजा ३.५′
वक्रीभवन, लंबन (पृथ्वीच्या केंद्राऐवजी पृष्ठभागावरून पाहिल्याचा फरक) आणि सूर्याची त्रिज्या मिळून: अधिक १५.५′
खरा उन्नतांश ४७° ३३.४′
नतांश ४२° २६.६′
क्रांती दक्षिण २३° २६.२′
अक्षांश १९° ००.४′ उत्तर

सूर्याची त्रिज्या १६ कलांच्या आसपास असते. खालच्या कडेऐवजी वरच्या कडेची दुरुस्ती लावली तर होडी ३२ मैल सरकते, आणि तरीही उत्तर पटण्यासारखंच दिसतं.

इथे वजाबाकी केली, कारण क्रांती दक्षिण आणि आपण उत्तरेला. मार्चच्या विषुवदिनानंतर क्रांती उत्तर होते, तेव्हा नतांशात ती मिळवायची. १५ मे ते जुलैअखेर मात्र मुंबईचा मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. तेव्हा क्रांतीतून नतांश वजा. सूत्र पाठ करण्यापेक्षा वेध घेताना आपलं तोंड कुठल्या दिशेला होतं ते वहीत लिहावं.

अल्मनॅकची वेळ ग्रिनिचची असते. घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे राहिले, तर विषुवदिनाच्या सुमारास क्रांती तासाला जवळपास एक कला सरकत असल्याने अक्षांश साडेपाच मैलांनी चुकतो. रेखांशाला तर चार सेकंदांची चूकही एक कला खाते.

मेच्या मध्यावर मुंबईजवळ माध्यान्ह वेधाच्या भानगडीत पडू नये. उन्नतांश ८९° च्या पुढे गेला की सूर्याची दिशा काही मिनिटांत पूर्वेकडून पश्चिमेकडे झेपावते आणि तो कुठल्या बाजूच्या क्षितिजावर उतरवायचा तेच ठरत नाही. स्वातीही उपयोगाची नाही. तिची क्रांती सुमारे १९° उत्तर, म्हणजे तीही डोक्यावरूनच जाते. त्यापेक्षा संधिप्रकाशात, क्षितिज अजून दिसत असताना, सेक्स्टंट आधीच १९° वर लावून उत्तरेला ध्रुव शोधावा. त्याचा उन्नतांश म्हणजे ढोबळ अक्षांश. पण तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे. अल्मनॅकमधली त्याची वेगळी दुरुस्ती विसरलात तर तीस-पस्तीस मैल सहज हुकतात.