मान धरली, डोकं ठणकतंय? या चुका टाळा

पावसाचे दिवस आले की माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोन तऱ्हेची माणसं दिसतात. काही आंब्याचा हंगाम उरकून आलेली, तर काही लावणीत दिवस दिवस वाकून आलेली. तक्रार मात्र एकच, मान आखडली आहे आणि डोकं दुखतंय. देवगड तालुक्यात मला १८ वर्षं झाली. माणसं बदलतात, चुका त्याच राहतात.

आधी ती चूक, जिच्यात एक दिवसही घालवायचा नाही. ताप असताना मान चोळत बसू नका. लावणीच्या दिवसांत शेतातल्या पाण्यात उंदराचं मूत मिसळतं आणि पायाच्या चिरांतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू) शिरतो. ताप, जोराची डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं आणि लाल डोळे दिसले की लगेच सरकारी दवाखाना गाठा. ताप आहे, हनुवटी छातीकडे नेताच येत नाही, उलट्या होताहेत, उजेड सोसत नाही, माणूस गुंगीत आहे किंवा भलतंच बोलतोय, तर मेंदूज्वर असू शकतो. तेव्हा १०८ ला फोन करा. तान्ह्या बाळाची मान मेंदूज्वरातही मऊच राहू शकते, त्यामुळे बाळाच्या बाबतीत मानेवर विसंबू नका. डोक्यात अचानक, आयुष्यात कधी नव्हे एवढी कळ आली, झाडावरून किंवा गाडीवरून पडल्यावर मान दुखायला लागली, हातातली ताकद गेली, यातलं काहीही असेल तर माझ्याकडेसुद्धा येऊ नका, थेट इस्पितळात जा.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. दुखणं मानेचं असतं आणि लोक डोक्यासाठी गोळ्या खात राहतात.

पाच वर्षांपूर्वी जूनमध्ये साठीचे एक काका आले. हापूसची पंचवीस कलमं, कामाला स्वतः आणि एक गडी. उजव्या डोळ्यामागे रोज ठणका. चष्म्याचा नंबर दोनदा तपासून झाला होता, सायनस म्हणून वाफ आणि पित्त म्हणून कोकम सरबतही झालं होतं. मी मागे जाऊन मानेला हात लावला तर वैतागले, "अगो बाय, माजा डोक्या दुखता, मान कसली बघतंस?" कवटी संपून मान सुरू होते तिथे उजव्या बाजूला मी अंगठा दाबला. काका एकदम गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "ह्याच ता. डोळ्यात गेला बघ."

हे असं होतं, कारण मानेच्या वरच्या तीन नसा आणि कपाळ-डोळ्यांची संवेदना नेणारी नस मेंदूत एकाच ठिकाणी येऊन मिळतात. मेंदूला कळ कुठून आली ते नीट उमगत नाही. अशी डोकेदुखी बहुधा एकाच बाजूला असते, मानेपासून सुरू होऊन पुढे सरकते आणि मान वळवली की वाढते. अर्धशिशीतही मान दुखते, म्हणून तपासणी करून घ्यायलाच हवी.

काकांची मान का बिघडली ते विचारायचीही गरज नव्हती. मार्च ते मे सकाळभर घळ, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, हातात धरून मान मागे टाकून वर बघायचं, देठासकट फळ उतरवायचं, आणि संध्याकाळी पडवीत बसून मान खाली घालून आंबे निवडत पेट्या भरायच्या. डोक्याचं वजन साधारण ५ किलो, म्हणजे दोन डझन हापूस. ते मानेने तीन महिने कधी मागे, कधी पुढे लटकत धरलं.

पण हंगाम संपून पंधरा दिवस झाले होते. तरी रोज का दुखावं? उत्तर सदऱ्याच्या खिशात होतं. दहा गोळ्यांचं पान परवा घेतलेलं आणि चारच उरलेल्या. मार्चपासून हेच चाललं होतं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीच डोकेदुखी घडवू लागते. गोळीचा असर उतरला की डोकं चढतं, म्हणून पुन्हा गोळी. वर काकांना बीपी होतं, आणि यातल्या बऱ्याच गोळ्या बीपी आणि मूत्रपिंड दोन्हीला जड जातात.

त्यांच्या डॉक्टरांशी बोलून गोळ्या बंद केल्या. पहिले आठ दिवस फार वाईट गेले. काकी फोनवर मला नाही नाही ते बोलल्या, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही, समोर माणूस डोकं धरून बसलेला होता. तिसऱ्या आठवड्यात मात्र डोकं दोनच दिवस दुखलं. गोळी वाईट नाही. मान धरली तर एक-दोन दिवस जरूर घ्या, पण दिवस मोजा. मी सगळ्यांना भिंतीवरच्या कालनिर्णयावर गोळीच्या दिवशी फुली मारायला लावते.

बाकी उपाय म्हणाल तर माझे साधे आहेत. तव्यावर खडेमीठ गरम करून जुन्या सुती कापडात पुरचुंडी बांधा, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, मग १५ मिनिटं मानेच्या मागे आणि खांद्यांवर शेका. घरात उंडीच्या बियांचं तेल असेल तर हलक्या हाताने लावा. मग भिंतीला पाठ टेकून, वर-खाली न बघता हनुवटी सरळ मागे घ्या, पाच अंक मोजा, सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हातात कळ किंवा मुंग्या उतरल्या तर थांबा. आंबे काढताना बुंध्याशी उभं राहून सरळ वर बघू नका, चार पावलं मागे या आणि लांब काठीची घळ घ्या. मान तेवढीच कमी मागे जाते.

दुसरी चूक, सलूनमध्ये मान मोडून घेणं. दाढी झाली की हनुवटी आणि डोकं धरून एक झटका, कडक आवाज, आणि गिऱ्हाईक खूष. तो आवाज सांध्यातल्या हवेच्या बुडबुड्याचा असतो, हाड जागेवर बसल्याचा नव्हे. मानेच्या मणक्यांच्या भोकांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या वर चढतात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि पक्षाघात येतो. क्वचितच होतं, पण तिशीतल्या धडधाकट माणसालाही होतं. झटक्यानंतर कधी नव्हती तशी मान किंवा डोकं दुखू लागलं, चक्कर आली, एकाची दोन दिसू लागली, बोबडी वळली तर तासही थांबू नका. शॉर्टकट हवा असलेल्यांचं मला खरंच कळत नाही. चार दिवसांत बहुतेक धरलेल्या माना आपसूक सैल होतात, तेवढा धीर का धरवत नाही?

पट्टा आठवडेच्या आठवडे गळ्यात ठेवू नका, मानेचे स्नायू दुबळे होतात. दोन उशा नकोत, पालथं झोपणं नको. उशी उन्हात टाकायची तर टाका, पण ती जुनी होऊन गोळा झाली असेल तर बदला. रातराणीने मुंबईला जाताना टॉवेल गुंडाळून गळ्याभोवती घ्या. दिवसभर उकाड्यात घाम गाळून पाणी न पिणाऱ्याचं डोकं दुखलं तर मानेला दोष देऊ नका. एक्स-रेवर "मणके झिजलेत" वाचून घाबरू नका, पन्नाशीनंतर न दुखणाऱ्या मानांमध्येही झीज दिसतेच. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखू लागलं, कानशील हुळहुळतंय, चावताना जबडा दुखतोय, तर मात्र रक्ततपासणीला उशीर करू नका, त्यात नजर जाऊ शकते.

आणि व्यायाम तीन दिवस करून "फरक नाही" म्हणत येऊ नका. जुनी मान सुटायला सहा आठवडे लागतात. मी पहिल्याच दिवशी तारीख लिहून देते आणि त्या तारखेच्या आधी व्यायाम बदलून देत नाही.