अपघाताचा क्लेम अडकू द्यायचा नसेल तर या चुका टाळा

व्हॉट्सअपवर एक पत्रक अजून फिरायलंय, अनोळखी गाडीनं उडवलं तर सरकार 25 हजार देतंय म्हणून. हे कधीकाळी खरं होतं. 1 एप्रिल 2022 पासून हिट अँड रनमध्ये मृत्यू झाला तर 2 लाख आणि गंभीर दुखापत असली तर 50 हजार मिळतेत, अर्ज अपघात झाला त्या भागातल्या तहसील नाहीतर प्रांत ऑफिसात करायचा. पण जुना आकडा डोक्यात बसलेली माणसं म्हणतेत पंचवीस हजारासाठी कोण चकरा मारणार, अन् अर्जच करत नाहीत. माझं तर स्पष्ट मत आहे, आपल्याकडं क्लेम बुडतेत ते कायदा वाईट म्हणून कमी अन् जुना कागद वाचून जास्त.

म्हणून आधी जीआर, म्हणजे शासन निर्णय, स्वतः बघा. शासनाच्या साइटवर जवळपास सगळे जीआर मराठीत अन् फुकट आहेत. शेवटच्या पानावर सहीच्या वर एक लांबलचक नंबर असतोय, त्याला संकेताक म्हणतेत, त्याचे सुरुवातीचे आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो नंबर साइटवर टाकला की खरा जीआर निघतोय. कुणी फॉरवर्ड केलेल्या फोटोत तो नंबरच नसला तर त्यावर एक रुपया खर्चू नका, अन् नंबर असला तरी त्यानंतर नवा जीआर आला का ते बघा.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचंच घ्या. पूर्वी ती विमा योजना होती, फाइल कंपनीकडं जायची अन् तिथंच पडून राहायची. एप्रिल 2023 पासून ती सानुग्रह अनुदान, म्हणजे थेट सरकारी मदतीची योजना झाली, मधली विमा कंपनी गेली, आता प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडं द्यायचा अन् निर्णय तहसीलदाराच्या समितीत होतोय. मृत्यूला 2 लाख, दोन हात, दोन पाय किंवा दोन्ही डोळे गेले तरी 2 लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर 1 लाख. वय 10 ते 75. आणि हे नीट वाचा, सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याबरोबर त्याच्या घरातल्या नाव नसलेल्या एका माणसालाबी संरक्षण आहे, म्हणजे आई-बाप, नवरा किंवा बायको, मुलगा, अविवाहित मुलगी यातलं कुणीबी एक. कापूस वेचताना, खुरपताना साप चावून बाई जाते अन् घरचे म्हणतेत तिच्या नावावर कुठं जमीन होती, आपल्याला काय मिळणार. मिळतंय!

सापाच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक पीएमची, म्हणजे पोस्टमॉर्टेम न करण्याची. आधी मांत्रिकाकडं नेण्यात तास-दोन तास जातेत, मग सरकारी दवाखान्यात पोहोचेपर्यंत माणूस संपलेला असतो, अन् घरचे म्हणतेत आता चिरफाड नको, परत न्या. त्या घरावर काय कोसळलेलं असतं ते समजतं, पण भावकीतल्या एखाद्यानं तरी मन घट्ट करून पोलिसात खबर द्यायला लावा, पंचनामा करा, पीएम करा. नंतर कितीबी हात जोडले तरी हे कागद मागच्या तारखेनं तयार होत नाहीत. पीएमच्या कागदावर बऱ्याचदा मृत्यूचं कारण लिहिलेलंच नसतं, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) राखून ठेवला एवढंच असतं, अन् लॅबचा रिपोर्ट यायला महिने लागतेत. लोक त्या रिपोर्टची वाट बघत बसतेत अन् शेतकरी योजनेच्या अर्जाची 30 दिवसांची मुदत निघून जाते. तसं करू नका, हातात आहेत ते कागद लावून मुदतीत प्रस्ताव द्या, रिपोर्ट यायचाय असं त्यात लिहा, अन् पोच घ्या. शिक्का अन् तारीख असलेली झेरॉक्स, तोंडी "दिलंय" चालत नाही.

नावाचा घोळ तर पाचवीलाच पुजलेला. सातबाऱ्यावर लक्ष्मण, आधारवर लक्ष्मणराव, अन् पंचनाम्यात हवालदारानं गल्लीत ऐकलेलं बाळू. पंचनामा लिहितानाच आधार पुढं धरा.

आता गाडीचा अपघात. त्याचा क्लेम मोटार अपघात न्यायाधिकरणात, मुदत अपघातापासून 6 महिने. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर घरी बसू नका. बीड, धारूर, केजकडचे ऊसतोड कामगार कारखान्यावर जातेत, अपघात सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात होतो, अन् घरच्यांना वाटतं तिकडंच केस करावी लागंल, भाडं कोण भरणार, म्हणून सोडून देतेत. अहो, कायद्यात सरळ लिहिलंय, क्लेम करणारा जिथं राहतो तिथंबी अर्ज करता येतोय, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात! फक्त तिकडच्या पोलीस ठाण्यातून एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, पीएम किंवा जखमीचे दवाखान्याचे कागद अन् गाडीच्या इन्शुरन्सची प्रत घेऊनच परत या. गाडीचा नंबर असला तर इन्शुरन्स चालू आहे का ते परिवहनच्या अ‍ॅपवर दिसतंय.

गाडीमालक दवाखान्यात येऊन पन्नास हजार हातावर ठेवतो अन् शंभराच्या बाँडवर "आमची काही तक्रार नाही" लिहून घेतो, तिथं घाईघाईत सही करू नका, कारण भरपाई बहुतेक वेळा मालकाच्या खिशातून नाही तर इन्शुरन्सकडून यायची असते अन् तो कागद पुढं तुमच्याच विरोधात दाखवला जातो. चूक कुणाची हे सिद्ध करणं अवघड असलं तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली मृत्यूला 5 लाख अन् गंभीर दुखापतीला अडीच लाख आहेत, तिथं चूक सिद्ध करायची गरजच नाही. अन् जखमी वाचला असंल तर मे 2025 पासून नेमलेल्या दवाखान्यात 7 दिवसांपर्यंत दीड लाखाचा कॅशलेस उपचार आहे, डिपॉझिट मागितलं तर या योजनेचं नाव घेऊन विचारा.

वीज पडून माणूस गेला तर तहसीलमधून 4 लाखांची मदत असते, तिथंबी पंचनामा अन् पीएम लागतंच.

क्लेम फेटाळला तर तोंडी उत्तरावर परत येऊ नका, कारण लेखी मागा. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही तर 90 दिवसांत हायकोर्टात अपील करता येतंय, आपल्या मराठवाड्याला औरंगाबाद खंडपीठ आहे. अन् टक्केवारीवर काम करणाऱ्या एजंटाच्या नादी लागायच्या आधी जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला, एससी-एसटीच्या माणसाला अन् कमी उत्पन्न असलेल्याला तिथं वकील फुकट मिळतो, बाईला तर उत्पन्नाची अटबी नाही. फोनवर विचारायचं असंल तर हेल्पलाइन 15100.