कोकणात लाकडाचा डेक करताय? या चुका टाळा

दर पावसाळा संपला की मला तोच फोन येतो. "अहो, तीनच वर्षं झाली, खांब खालून भुसभुशीत झालाय. सागवान होतं ना ते?" लाकूड सागवानच असतं, पण खांब काँक्रीटमध्ये पुरलेला असतो.

दापोलीजवळ एका घरी बागेच्या बाजूला डेक, म्हणजे खांबांवर फळ्यांचा उघडा ओटा, घातला होता. सहा खांब, दीड-दीड फूट खड्ड्यात उभे करून भोवती काँक्रीट ओतलेलं. मला फक्त वरच्या फळ्यांसाठी बोलावलं होतं. खांब वर घ्या म्हटलं, तर मालक म्हणाले, "काँक्रीटमधून पाणी कुठून जाणार?" पाणी कडेने जातं. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, खांबाभोवती केसाएवढी फट पडते, पावसाचं पाणी त्यात उतरतं आणि तिथेच बसतं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर जमिनीलगत पटाशी (सुताराची छिन्नी) टेकवली, तर बोटभर आत गेली. चार खांब बदलले आणि त्यापायी सगळा डेक उचलावा लागला.

आपल्या जुन्या घरांत खांबाखाली तळखडा, म्हणजे दगडाची बैठक, असतो, तो याचसाठी. लाकडाचं तोंड मातीपासून वर राहतं, वारा लागतो, वाळवी चढली तर दिसते. मी आजही काळ्या दगडाचा तळखडा किंवा गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) लोखंडी बूट खांबाखाली वापरतो आणि खांब जमिनीपासून निदान 6 इंच वर ठेवतो. उभा करण्याआधी खालचं तोंड रात्रभर काजूच्या टरफलाच्या तेलात ठेवतो. हातमोजे घाला, ते तेल कातडी भाजतं.

दुसरी चूक घाईची. सकाळी वखारीतून आणलेलं ओलं लाकूड संध्याकाळी ठोकायचं. इंचभर जाडीला सावलीत साधारण वर्षभर वाळवण, हा जुना हिशेब आहे. तेवढी सवड नसेल तर वाळवलेला माल घ्या, आणि ओलावा मोजायचं छोटं यंत्र बरोबर न्या. 20 टक्क्यांच्या वर आकडा दिसला तर मी माल उचलत नाही, कारण त्याच्यापुढे बुरशीला रान मोकळं. वाळवायला थप्पी लावताना फळ्यांच्या थरांमध्ये घातलेल्या लाकडी पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत हव्यात, नाहीतर फळ्या वाकतात. फळ्यांच्या दोन्ही टोकांना रंग फासा. टोकांतून ओल भराभर निघून जाते आणि चीर तिथूनच पडते.

सागाच्या कडेचा पांढरा भाग घेऊ नका. वाळवी आणि कीड सागाचं नाव बघत नाहीत, तो भाग आधी खातात.

सुकलेल्या फळ्यांत 5 मिमी फट ठेवा. घट्ट बसवल्या तर पावसात फुगून उचलतात.

समुद्राजवळ साधे खिळे नकोत. 316 स्टेनलेसचे (खाऱ्या हवेत टिकणाऱ्या स्टीलचे) स्क्रू महाग पडतात, तरी तेच घ्या.

डेकला वॉर्निश लावू नका. एकदा तडकलं की खाली पाणी कोंडतं, आणि मग सगळं घासून काढावं लागतं. मी लाकडाला लावायचं तेल लावतो, दरवर्षी, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, फळ्या खडखडीत सुकलेल्या असताना.