पहिल्यांदा युरोपला निघालात? या चुका टाळा

एका शेंगेन व्हिसावर 29 देश फिरता येतात, म्हणून आपण युरोपला एकच देश धरून चालतो. पहिल्या प्रवासातल्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. सीमा ओलांडताना सहसा कोणी अडवत नाही, पण पलीकडे तिकिटाचे नियम, दुकानांच्या वेळा, भिंतीतला प्लग, कधीकधी चलनसुद्धा बदललेलं असतं. आखणी करतानाच प्रत्येक देशाचं वेगळं पान करा.

व्हिसा: स्टिकर नीट वाचा

ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते तिथे अर्ज टाकायचा, ही पहिली चूक. नियम असा की ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. दिवस समान असतील तर ज्या देशातून प्रवेश करणार, त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. एप्रिल-मेच्या सुट्टीत जायचं असेल तर दिवाळी होताच कागद जमवायला घ्या. निकालाला साधारण 15 दिवस लागतात, पण 45 दिवसही लागू शकतात.

व्हिसा हातात आला की त्यावरच्या तारखांवर खुश होऊन पासपोर्ट कपाटात ठेवू नका. समजा, स्टिकरवर 1 मे ते 30 मे अशी मुदत आहे आणि मुक्कामाच्या रकान्यात 15 दिवस लिहिले आहेत. मग तुम्हाला राहता येतं फक्त 15 दिवस, महिनाभर नाही. पोहोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस यात मोजले जातात. तिकिटं थोडी पुढे सरकवली आणि एक दिवस जास्त झाला, तर पुढच्या व्हिसाला त्रास होतो. ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे. त्यामुळे दिवसांचा हिशेब आता संगणकच ठेवतो.

तिसरी चूक महागात पडते. पॅरिस, मग तीन दिवस लंडन, मग रोम असा बेत अनेक जण करतात. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. त्यांचा व्हिसा वेगळा लागतोच, शिवाय तुमचा शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर लंडनला गेल्यावर तो संपला. रोमच्या विमानात बसता येणार नाही. अशा वेळी लंडन सुरुवातीला किंवा अगदी शेवटी ठेवा.

विमान बदलतानाही हेच भान हवं. मुंबई-फ्रँकफर्ट-रोम असा प्रवास असेल तर इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं. मधे तास-सव्वा तासच असेल तर रांगेत उभं असतानाच पुढचं विमान जाऊ शकतं. पहिल्या खेपेला तीन तास ठेवा, विशेषतः आईवडील बरोबर असतील तर.

बारा दिवसांत सहा देश

असा बेत करू नका, हे मी कळकळीने सांगते. शहर बदलायचं म्हणजे बॅगा भरायच्या, खोली सोडायची, स्टेशन गाठायचं, नव्या ठिकाणी खोली मिळेपर्यंत थांबायचं. अर्धा दिवस यातच जातो. दहा-बारा दिवसांत दोन-तीन देश आणि तीन-चार मुक्काम पुरेसे आहेत. पॅरिस, ल्युसर्न आणि रोम एवढं केलं तरी मन भरतं.

बुकिंग करताना नावांकडे बारकाईने पाहा. ‘पॅरिस बोव्हे’ विमानतळ पॅरिसपासून सुमारे 85 किलोमीटरवर आहे, ‘फ्रँकफर्ट हान’ फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. स्वस्त तिकिटाची बचत तिथून शहरात येण्यातच निघून जाते. व्हेनिसचंही तसंच. ‘मेस्त्रे’ स्टेशन मुख्य भूमीवर आहे, कालव्यांच्या शहरात उतरायचं तर ‘सांता लुचिया’. पॅरिसमध्ये अ‍ॅमस्टरडॅमची गाडी गार द्यु नॉरहून सुटते, स्वित्झर्लंडची गार द लियाँहून.

प्रेक्षणीय स्थळांचे सुट्टीचे वार आधी पाहा. पॅरिसच्या संग्रहालयांपैकी लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी बंद, फ्लॉरेन्सचं उफिझी संग्रहालय सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. अ‍ॅन फ्रँकच्या अ‍ॅमस्टरडॅममधल्या घराची तिकिटं दर मंगळवारी, सहा आठवडे पुढच्या तारखांसाठी खुली होतात. दारात जाऊन मिळतील या भरवशावर राहू नका.

तिकीट काढलं, पण दंड भरावा लागला

आपल्याकडे तिकीट खिशात असलं की झालं. युरोपात अनेक ठिकाणी तेवढ्याने भागत नाही. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. प्रागच्या मेट्रोत, बर्लिनच्या एस-बान या लोकल गाडीला असंच. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि जर्मनीत त्याचा दंड 60 युरो. मला माहीत नव्हतं, हे कारण चालत नाही. इटलीत गाडीत चढल्यावर लक्षात आलं तर जागेवर बसून राहू नका, कंडक्टर तुमच्यापर्यंत यायच्या आत स्वतः त्याला गाठा.

रेल्वे पास घेतला म्हणजे सगळं आलं, असंही नाही. फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीला आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना पास असूनही जागेचं आरक्षण वेगळे पैसे देऊन करावं लागतं. स्विस ट्रॅव्हल पास युंगफ्राउयोख या डोंगरावरच्या स्टेशनापर्यंत नेत नाही. वरच्या टप्प्याचं तिकीट सवलतीत मिळतं, पण काढावं लागतं.

कार्ड आणि ओटीपी

एटीएम किंवा दुकानातलं यंत्र विचारतं, रुपयांत घेऊ की युरोत? रुपये ओळखीचे म्हणून आपण तेच दाबतो आणि यंत्राच्या महाग दराने पैसे कापले जातात. नेहमी तिथलं चलन निवडा, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक. कार्डावरचे परदेशी व्यवहार घरूनच सुरू करून घ्या. भारतातल्या सिमचं रोमिंगही सुरू ठेवा, नाहीतर ओटीपी येणार नाही.

खाऊची बॅग

मे महिन्यात जर्मनी-नेदरलँड्सला मुलांकडे निघालेल्या आईबाबांच्या बॅगेत काय काय असतं, ते आपल्याला ठाऊक आहे. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पनीर, खवा हे यातच आलं, म्हणून पेढे-बर्फीही नकोच. हापूस, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या यांना वनस्पतींच्या आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, ते आपल्याकडे नसतं. आंब्याची पेटी जप्त होताना पाहणं फार जिवाला लागतं. चिवडा, चकली, भाजणी, मेतकूट, पोह्याचे पापड खुशाल न्या.

जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, किराणा शनिवारीच भरा. तहान लागली की बाटलीच विकत घ्यायची गरज नाही, रोमच्या रस्त्यांवरच्या नळांचं पाणी पिण्यायोग्य आहे. फ्रान्सच्या उपाहारगृहात साधं पाणी मागितलं तर ते फुकट द्यावं लागतं. आपला दोन पिनांचा मोबाइल चार्जर बहुतेक ठिकाणी बसतो, तीन पिनांच्या वस्तूंना मात्र अ‍ॅडॅप्टर हवा.

पासपोर्ट चोरीला गेला तर

पॅरिसची मेट्रो आणि बार्सिलोनाचा ला रांब्ला हा रस्ता इथे खिसेकापूंचा सुळसुळाट आहे. पासपोर्ट पाठीवरच्या सॅकमध्ये नको, कपड्यांच्या आत हवा. त्याच्या आणि व्हिसाच्या पानांचे फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. गेलाच, तर आधी पोलिसांत तक्रार करून तिची प्रत घ्या, मग भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास गाठा. तिथे भारतात परतण्यासाठी आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं. त्यावर पुढची सहल करता येत नाही, म्हणून उरलेली बुकिंग त्याच दिवशी रद्द करा आणि विमा कंपनीला फोन लावा. धोक्याच्या प्रसंगी मदतीचा क्रमांक संपूर्ण युरोपीय संघात एकच आहे, 112.