महाडीबीटीचा फॉर्म भरायचाय? मग पोर्टल सुरू व्हायची वाट बघत बसू नका

महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल. तिथं फॉर्म भरायला अर्धा-पाऊण तास लागतो, तेही नेट गंडलं तर. पोरांची स्कॉलरशिप अडकते ती फॉर्ममुळं नाही, कागद आणि बँक खात्यामुळं, आणि ही दोन्ही कामं पोर्टल सुरू व्हायच्या आधीच करता येतात. आमच्या कॉलेजात हे फॉर्म पहिल्यांदा माझ्या टेबलावर येतात, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग तिथून समाजकल्याण किंवा ज्या त्या खात्याकडं. त्यामुळं कुठं काय अडतं ते दरवर्षी डोळ्यासमोर दिसतं, आणि दरवर्षी तेच तेच दिसतं.

पहिलं काम उत्पन्नाचा दाखला. तहसीलदाराचाच लागतो, तलाठ्याचा चालत नाही. तलाठ्याचा असतो तो नुसता अहवाल, तो जोडून सेतूत किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज करायचा आणि मग तहसीलदाराच्या सहीचा बारकोडवाला दाखला मिळतो. दाखल्याखाली बारीक अक्षरात मुदत लिहिलेली असते, ३१ मार्चपर्यंत वैध वगैरे, ती बघा. बारावीच्या ॲडमिशनला काढलेला दाखला तसाच लावून देणारी पोरं ढिगानं असतात आणि तो फॉर्म माझ्याच टेबलावरून परत जातो, माझाही नाइलाज असतो. आईवडील दोघं कमावते असतील तर दोघांचं मिळून उत्पन्न धरलं जातं. एकाचाच दाखला लावून बघू म्हणू नका, त्यात पुढं लफडं होतं.

दुसरं, जातीचा दाखला आणि त्याच्याबरोबर जात वैधता म्हणजे व्हॅलिडिटी. इंजिनिअरिंग, फार्मसी असल्या कोर्सला व्हॅलिडिटी ॲडमिशनलाच मागतात म्हणून त्या पोरांकडं असते, बाकीच्यांनी बारावीत असतानाच अर्ज टाकलेला बरा कारण समितीला किती महिने लागतील ते कुणाच्या हातात नसतं. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीवाल्यांना नॉन क्रीमी लेयर लागतं आणि ते काढायला तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यामुळं सेतूत गेल्यावर एक वर्षाचा काढू नका, तीन वर्षांचाच मागा, एका हेलपाट्यात दोन कामं होतात. डोमिसाईल, टीसी, दहावी-बारावीच्या मार्कशीट, रेशनकार्ड, कॅप राउंडचं (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीचं) अलॉटमेंट लेटर, फीची पावती हे सगळं एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा आणि प्रत्येक फाईल २५६ केबीच्या आत बसवा. मोबाईलवरून तिरका फोटो काढून कोपऱ्यात अंगठा दिसतोय असं अपलोड करणारी पोरं पण आहेत. बारकोड वाचता आला नाही की फॉर्म परत येणारच. मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र पण लागतं, ते आधीच करून ठेवा.

आता बँक. इथं सगळ्यात जास्त पोरं फसतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. पैसे तुम्ही फॉर्ममध्ये कुठला खाते नंबर लिहिला त्यावर येत नाहीत, आधारशी डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, जी बँक सीड झालेली म्हणजे नोंदलेली असते तिथं येतात. आणि आधार लिंक असणं वेगळं, सीड असणं वेगळं. बँकेत आधारची झेरॉक्स दिली, मेसेज आला, म्हणजे काम झालं असं नसतं. खातं चार बँकांत असलं आणि चारही ठिकाणी आधार दिलेलं असलं तरी एनपीसीआयच्या मॅपरवर, म्हणजे कुठलं आधार कुठल्या बँकेला जोडलंय त्या यादीत, एका वेळी एकच बँक असते, सगळ्यात शेवटी जिनं सीडिंग केलं ती. हे तपासायचं कसं, तर माय आधारच्या साईटवर आधार नंबर आणि ओटीपी टाकून लॉगिन करायचं आणि बँक सीडिंग स्टेटसवर क्लिक करायचं. तिथं बँकेचं नाव दिसतं आणि ॲक्टिव्ह आहे की इनॲक्टिव्ह ते दिसतं, पण खाते नंबर दिसत नाही. बऱ्याच पोरांना तिथं भलत्याच बँकेचं नाव दिसतं आणि मग आठवतं की सिम कार्ड घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडलं होतं. पैसे त्यात जाऊन पडलेले असतात आणि पोरगं इकडं कॉलेजला शिव्या घालतंय.

स्टेटस इनॲक्टिव्ह असेल किंवा बँक चुकीची असेल तर आपल्या नेहमीच्या शाखेत जाऊन डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म भरून द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. चार-आठ दिवसांनी परत स्टेटस बघायचं, नसेल झालं तर पोच घेऊन परत जायचं. काही शाखांत काउंटरवरचा माणूसच म्हणतो आधार लिंक आहे की, अजून काय पाहिजे, तर त्याला मोबाईलवर स्टेटसचं पान उघडून दाखवा, वाद घालू नका. कंटाळलेली पोरं पोस्टात जाऊन पोस्ट पेमेंट बँकेचं खातं काढतात, तिथं बहुतेक वेळा सीडिंग लवकर होतं, हा मार्ग पण चांगला आहे. शाळेत असताना काढलेलं मायनरचं खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर केवायसी नव्यानं करून घ्या, नाहीतर ते बंद पडलेलं असतं.

हे झालं की फॉर्म. आधारला जो मोबाईल नंबर आहे तो चालू पाहिजे, त्याच्यावर ओटीपी येतो. प्रोफाईल पूर्ण भरल्याशिवाय योजना दिसत नाहीत आणि प्रोफाईलमध्ये चालू कोर्स चुकीचा निवडला की पुढचं सगळं चुकतं, म्हणजे ब्रँच, वर्ष, ॲडमिशनचा प्रकार नीट बघून टाका. युझरनेम पासवर्ड वहीत लिहून ठेवा, कॅफेवाल्याच्या डोक्यात ठेवू नका, कारण पुढच्या वर्षी रिन्यूअल त्याच आयडीवरून करायचं असतं. नवीन आयडी काढला की आधार आधीच रजिस्टर आहे म्हणून अडतं.

योजना कुठली निवडायची यात पण घोळ होतो. एससी असाल आणि घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, त्याच्या वर असेल तर फ्रीशिप. ओपनमधले आठ लाखांच्या आतले असतील तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, ज्याला सगळे ईबीसी म्हणतात. ती डीटीई म्हणजे तंत्रशिक्षण खात्याखाली पण दिसते, डीएचई म्हणजे उच्च शिक्षण खात्याखाली पण दिसते. इंजिनिअरिंगवाल्यानं डीटीईची घ्यायची, बीए बीकॉम बीएस्सीवाल्यानं डीएचईची. एका घरातल्या दोनच मुलांना मिळते आणि प्रोफेशनल कोर्सला कॅपमधून ॲडमिशन पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही.

मुलींसाठी एक मोठा बदल आहे आणि अजूनही बऱ्याच घरांत माहीत नाही. ८ जुलै २०२४ च्या जीआरनुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, प्रोफेशनल कोर्सला ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. आधी निम्मी होती. पण कॅपमधूनच ॲडमिशन पाहिजे आणि खाजगी किंवा अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही. डेव्हलपमेंट फी, जिमखाना, लायब्ररी असल्या बाबी यात येत नाहीत त्यामुळं एक रुपया पण भरायचा नाही असं समजून कॉलेजात भांडायला येऊ नका, आणि ट्यूशन फी मागितली तर मात्र जीआरची प्रिंट घेऊन जरूर भांडा.

गावाकडून शहरात खोली करून राहणाऱ्यांनी राहण्याखाण्याच्या योजना विसरू नका, या फी माफीपेक्षा वेगळ्या असतात. एससी आणि नवबौद्ध पोरांसाठी स्वाधार आहे, मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार, पण सरकारी हॉस्टेलला नंबर लागलेला नसावा. आदिवासी पोरांसाठी स्वयम, ओबीसी-व्हीजेएनटीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. ईबीसीवाल्यांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्यात अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना जास्त रक्कम असते, तर वडिलांचा तो दाखला काढून ठेवा.

केंद्राच्या स्कॉलरशिप एनएसपीवर, म्हणजे नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर असतात. बारावीला बोर्डात वरच्या २० टक्क्यांत असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर सेंट्रल सेक्टरची भरा, डिग्रीला वर्षाला १२ हजार. टेक्निकल कोर्सच्या मुलींना एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) प्रगती स्कॉलरशिप आहे, वर्षाला ५० हजार. मात्र एकाच वेळी दोन्हीकडं उडी मारू नका, सेंट्रल सेक्टरवाल्याला दुसरी स्कॉलरशिप घेता येत नाही, त्यामुळं आधी हिशोब करा कुठं जास्त पदरात पडतंय.

इंटर्नशिपचं पण पोरं विचारतात म्हणून थोडक्यात. पीएम इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हाच नियम होता की रेग्युलर कॉलेज चालू असलेल्याला नाही, राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण पण शिक्षण संपलेल्यांसाठी. शेवटच्या वर्षाचा रिझल्ट लागला की मग बघा. कॉलेज चालू असताना एआयसीटीईच्या इंटर्नशिप पोर्टलवर शोधा नाहीतर जवळच्या एमआयडीसीत, सीएच्या ऑफिसात स्वतः जाऊन विचारा, हे अजूनही चालतं. सर्टिफिकेटसाठी तुमच्याकडूनच पैसे मागणारी इंटर्नशिप व्हॉट्सॲपवर रोज फिरत असते, ती घेऊ नका.

फॉर्म सबमिट केला म्हणजे झालं असं पण नाही. प्रिंट काढून कागदांबरोबर कॉलेजात द्या, आणि आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्टेटस बघा. सेंड बॅक दिसलं तर खाली रिमार्क असतो, तो वाचून तेवढंच दुरुस्त करून परत पाठवायचं, पूर्ण फॉर्म कॅन्सल करायचा नाही. मेसेज येईल या भरवशावर राहू नका, दरवेळी येतोच असं नाही. पैसे खात्यात आले आणि त्यात कॉलेजच्या फीचा भाग असेल तर तो लगेच भरून पावती घ्या, मोबाईल घेऊन मोकळं झालं की शेवटच्या वर्षी टीसी अडते आणि तेव्हा परत माझ्याच टेबलावर येता.